दादा "पुढच्या हंगामापासून मीच बघतो" म्हणतो. स्पष्ट उत्तर मागावे का?

मुचकुंदीकाठ (प्रश्न)

नमस्कार.

आमची हापूसची बाग पूर्णगड खाडीच्या वरच्या अंगाला, सड्याच्या उतारावर आहे. दीडशेच्या आसपास कलमे आहेत. त्यांतली निम्म्याहून अधिक आजोबांच्या हातची, म्हणजे आता उंच गेलेली आणि आतून दाटलेली आहेत. बाबांना पक्षाघात झाल्यापासून बाग मी पाहते. माझे सासर लांज्याला आहे, यजमान तिथेच माध्यमिक शाळेत शिक्षक आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेली असल्यामुळे फवारणी, तुडतुड्यांपासून मोहोराचे रक्षण, काढणी, पेट्या भरणे यांतले काहीच मला नवीन नाही. मात्र ही बाग मी कोणाच्या वतीने आणि किती काळ पाहते आहे, हे आमच्या घरात आजवर कोणी तोंडाने बोललेले नाही, आणि त्याचा भार आता असह्य होऊ लागला आहे.

माझा थोरला भाऊ ठाण्याला खासगी कंपनीत आहे. गणपतीला आणि शिमग्याला तो न चुकता येतो, बाबांजवळ पडवीत बसतो आणि प्रत्येक वेळी सांगतो, "पुढच्या हंगामापासून मीच बघतो." दादा खोटे बोलणारा माणूस नाही. बोलताना त्याच्या मनात तेच असते, याची मला खात्री आहे. पण त्या एका वाक्यावर घरातले सगळे खोळंबून राहते. शेजारच्या गावातला एक व्यापारी पाच वर्षांच्या कराराने बागेची फळे घ्यायला तयार आहे, पण "थोरला येणार आहे" म्हणून बाबा त्याला बसवून ठेवतात. जुन्या झाडांची छाटणी करून बागेचे पुनरुज्जीवन करायला हवे, पण छाटलेले झाड पुन्हा धरायला दोन-तीन वर्षे लागतात, आणि ती वर्षे सोसण्याचा निर्णय जो पुढे बाग सांभाळणार त्यानेच घ्यावा, असे बाबांचे म्हणणे आहे. मलाही रत्नागिरीतील एका फळप्रक्रिया उद्योगात पूर्ण वेळची नोकरी चालून आली असून त्यांनी जूनअखेरपर्यंत उत्तर मागितले आहे.

बाबा प्रत्येक झाडाची नोंद एका लांबट वहीत ठेवतात. झाडाचा क्रमांक, कल्टार (पालवी रोखून मोहोर आणणारे औषध) घातल्याची तारीख, उतरलेल्या पेट्या. आता डाव्या हाताने लिहितात, त्यामुळे अक्षर मोठे आणि तिरपे येते. या शिमग्याला त्यांनी पुढच्या वर्षाची पाने आखली आणि वर "देखरेख" या शब्दापुढे दादाचे नाव लिहिले. ते पान मी पाहिले, दादानेही पाहिले, आणि दोघांपैकी कोणीही काही बोलले नाही.

आता मे संपत आला आहे. बागेतले गुरखे गावी निघाले आहेत आणि पुढच्या वर्षी यायचे की नाही हे विचारत आहेत, कारण इथून होकार आणि उचल मिळाली नाही तर ते दुसरी बाग धरतील. कल्टार जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत घालावे लागते. जी झाडे पावसाळ्यानंतर छाटायची त्यांना कल्टार घालणे चुकीचे आहे, कारण त्याने नवी पालवी दबते आणि छाटलेल्या झाडाला तर पालवीच हवी असते. म्हणजे कोणती झाडे छाटायची हे जुलैच्या आधी ठरले पाहिजे. दादा येणार गणपतीला, तोवर ही वेळ निघून गेलेली असेल.

लग्न होऊन गेलेल्या बहिणीने थोरल्या भावाकडे स्पष्ट "हो" किंवा "नाही" मागणे योग्य आहे का? मागायचेच झाले तर बाबांच्या मनाला धक्का न लागता ते कसे मागावे? कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

गडनदी

ताई, मी निवृत्त शिक्षक असून कणकवली तालुक्यात राहतो. तुमची तळमळ समजते, तरीही उत्तर मागण्याची घाई करू नये असे मला वाटते.

मुंबई-ठाण्याला गेलेला मुलगा आईवडिलांना "येतो" म्हणतो, तेव्हा तो करार करत नसतो. आपली नाळ तुटलेली नाही, एवढेच त्याला सांगायचे असते. आजारी वडिलांना त्या शब्दाचा आधार असतो. तुम्ही त्याला "हो की नाही" अशा कात्रीत धरले आणि तो नाइलाजाने "नाही" म्हणाला, तर बाग कोणाकडे गेली यापेक्षा वडिलांच्या मनातली आशा गेली हे नुकसान मोठे ठरेल. आमच्या वाडीत अशी घरे आहेत, जिथे मुलगा पुढे खरोखर परत आला. पन्नाशीत आला, पण आला. तेव्हा दार उघडे होते म्हणूनच तो येऊ शकला.

मनाचा निश्चय होत नसेल तर ग्रामदेवतेला कौल लावावा. घरातल्या अशा प्रश्नांत आमच्याकडे आजही कौल घेतात. गुरव देवाच्या अंगावर पाकळ्या लावतो, आणि उजवी पडली की डावी यावरून मिळणारे उत्तर सगळे घर मान्य करते, कोणी कोणाला दोष देत नाही.

मिरकरवाडा

गडनदी सरांविषयी आदर ठेवून मला उलट बाजू मांडायची आहे.

कौल लावण्याआधी गाऱ्हाणे घालावे लागते, आणि गाऱ्हाण्यात काय विचारायचे ते नाव घेऊन, सगळ्यांसमोर, स्पष्ट शब्दांत सांगावे लागते. ताईंच्या घरात अजून प्रश्नच उच्चारला गेलेला नाही. जो प्रश्न माणसांपुढे मांडायचे धैर्य होत नाही तो देवापुढे तरी कोणत्या शब्दांत मांडणार?

आमचे घर मासेमारीतले आहे. जून-जुलैच्या बंदीत नौका किनाऱ्याला असतात, त्याच काळात पुढच्या हंगामासाठी तांडेल (नौकेचा म्होरक्या) आणि खलाशी यांच्याशी बोलणी होतात आणि उचल दिली जाते. जो खलाशी जुलैत "यंदा मला जमणार नाही" म्हणतो त्याच्यावर आम्ही कधी रागावत नाही, त्याच्या जागी दुसरा माणूस मिळतो. "येतो, येतो" म्हणून जो ऑगस्टमध्ये फिरकत नाही, त्याच्यामुळे मात्र नौका धक्क्याला उभी राहते. डिझेल, बर्फ, जाळ्यांची दुरुस्ती हा खर्च होऊन गेलेला असतो आणि बाकीच्या खलाशांचीही मजुरी बुडते. त्याचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणत नाही. बहुतेक वेळा त्याला नाही म्हणायचा संकोच वाटलेला असतो. पण त्याच्या संकोचाची किंमत इतरांनी मोजलेली असते, आणि ते त्याला कळतही नाही, कारण कोणी सांगत नाही.

सरांनी दार उघडे ठेवण्याचे म्हटले आहे. ते दार आज कोण धरून उभे आहे, याचाही विचार व्हावा. पन्नाशीत परत आलेल्या मुलाचे कौतुक करताना, तो येईपर्यंत त्या घराची शेती कोणी राखली आणि तो आल्यावर त्या माणसाचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी विचारत नाही. अनेक घरांत ती व्यक्ती बहीण, वहिनी किंवा धाकटा भाऊ असते, आणि तिला कोणी काही कबूल केलेले नसते.

ताई, एक गोष्ट थेट विचारते, राग मानू नये. दादाने उत्तर दिलेले नाही हे तुम्ही सविस्तर लिहिले आहे. तुम्हाला स्वतःला बाग हवी आहे का, हे तुमच्या संपूर्ण प्रश्नात कुठेही नाही. नोकरी देणारेसुद्धा तुमच्या उत्तराची वाट पाहत आहेत. दादाने "हो" म्हटले तर नोकरी आणि "नाही" म्हटले तर बाग, असे तुमच्या मनात असेल, तर तुमचाही निर्णय तुम्ही त्याच्यावर सोपवलेला आहे. आधी स्वतःचे उत्तर ठरवा आणि ते सांगूनच त्याला विचारा. "मला ही बाग पुढची दहा वर्षे करायची आहे, तुझे काय म्हणणे आहे?" हे वाक्य आणि "तू येणार आहेस की नाही?" हे वाक्य यांत पुष्कळ अंतर आहे. पहिल्याने त्याची कोंडी होत नाही, कारण बाग वाऱ्यावर पडणार नाही हे त्याला कळलेले असते.

शास्त्रीपूल

मी दादाच्या जागी असलेला माणूस आहे. गाव संगमेश्वर तालुक्यात, बिऱ्हाड डोंबिवलीत, बाग हापूसची आणि थोडी काजूची. म्हणून आमच्या बाजूने काय होते ते लिहितो.

1998 मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाल्यापासून आमच्या पिढीला गाव एका रात्रीवर आले. हे फार मोठे सुख आहे, पण त्यात एक गोष्ट घडली. आमच्या वडिलांच्या पिढीतला माणूस मुंबईला गेला की गेला, किंवा परत आला की आला. आम्ही ना गेलो, ना परतलो. वर्षातून दोनदा येऊन पडवीत बसता येते, त्यामुळे शब्द वर्षातून दोनदा नवा करता येतो, आणि तो पाळायचा दिवस कधीच उजाडत नाही. पडवीत बसलेला असताना मला खरोखर परत यायचे असते. रात्रीच्या गाडीने पनवेल ओलांडले की घराचे हप्ते, मुलांची शाळा, पत्नीची नोकरी हे सगळे पुन्हा समोर येते. यातले काहीही वडिलांना ठाऊक नसते, कारण गावच्या त्या दोन-चार दिवसांत आपले शहरातले ओझे आपण त्यांच्यापुढे उतरवत नाही.

मला माझ्या बहिणीने विचारले होते, आणि तिने ज्या रीतीने विचारले त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. "तू परत येणार का?" असे तिने विचारले असते तर मी नक्कीच "हो" म्हटले असते. तिने फोनवर, वडील आसपास नसताना, विचारले, "येत्या जूनमध्ये मुलांचे नाव कोणत्या शाळेत घालणार आहेस?" मी बराच वेळ काही बोलू शकलो नाही. त्यानंतर प्रथमच मी मोठ्याने म्हणालो की निवृत्तीपर्यंत माझे येणे होणार नाही. असे म्हटल्यावर मला दुःख झाले, पण त्याबरोबर अनेक वर्षांनी मोकळेही वाटले, हे प्रामाणिकपणे सांगतो.

वडिलांना मी स्वतः जाऊन सांगितले. ते काही दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी चुलतभावाला बोलावले, बाग कशी करायची ते त्याच्याशी ठरवले आणि वरच्या दळ्यातली जुनी झाडे छाटून घेतली. "तू आधी बोलला असतास तर ही झाडे केव्हाच छाटली असती," एवढेच ते मला म्हणाले. गडनदी सरांना मी आदराने सांगू इच्छितो की वडिलांची आशा माझ्या नकाराने संपली नाही. त्यांना माझ्यापेक्षा बागेची काळजी अधिक होती, हे मला तेव्हा कळले.

म्हणून ताई, गणपतीची वाट पाहू नका. सणात घर भरलेले असते, तिथे कोणीही वडिलांपुढे नाही म्हणू शकत नाही. आताच फोन करा आणि मोठा प्रश्न न विचारता दिवसाचा प्रश्न विचारा. पंधरा जुलैनंतरच्या आठवड्यात कल्टार घालायला तो स्वतः असेल का? पावसाळा सरल्यावर छाटणीच्या वेळी असेल का? मोहोराच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, सलग किती दिवस राहू शकेल? या उत्तरांतून त्याचे उत्तर त्याला स्वतःलाही समजेल.

वाशिष्ठी

मी चिपळूणला वकिली करते. भावनेची बाजू वरील मंडळींनी उत्तम मांडली आहे, मी व्यवहाराचे थोडे लिहिते, कारण माझ्याकडे येणाऱ्या कौटुंबिक वादांपैकी बरेचसे अशा न बोललेल्या गोष्टींतूनच उभे राहिलेले असतात.

सर्वप्रथम, बाग कोणाची आणि बाग पाहणार कोण, हे दोन प्रश्न वेगळे करा. दादा उत्तर द्यायला कचरत असेल तर त्यामागे हेही कारण असू शकते की "मी येत नाही" म्हटले तर आपला हक्क गेला, अशी त्याला भीती वाटत असेल. तसे काही होत नाही. देखरेख सोडल्याने मालकी हक्क जात नाही. हक्क सोडायचा तर त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते, आणि ते आज कोणी मागितलेलेही नाही. ही गोष्ट त्याला पहिल्याच फोनमध्ये सांगा. निम्मा ताण तिथेच उतरेल.

तुमच्या स्वतःच्या हक्काविषयीही स्पष्टता असावी. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 ची दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात 11 ऑगस्ट 2020 रोजी निर्णय दिला की एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतकाच हक्क आहे, मग 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असोत वा नसोत. लग्न झाल्याने त्यात फरक पडत नाही. मात्र आजोबांची मिळकत म्हणजे वडिलोपार्जितच, असे धरून चालू नका. 1956 नंतर वारसाने आलेली मिळकत अनेकदा वडिलांची स्वतंत्र मिळकत ठरते, आणि तशी असेल तर तिचे काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार सर्वस्वी बाबांचा आहे. म्हणून सातबाऱ्याबरोबर जुने फेरफार काढून ते एखाद्या जाणकाराला दाखवा. हे भांडणासाठी करायचे नाही. आपण कशाविषयी बोलतो आहोत हे तिघांनाही ठाऊक असावे, एवढाच त्याचा हेतू.

कोकणात कागद न करण्यामागे एक जुनी धास्ती आहे ती म्हणजे "कूळ लागेल", म्हणजे जमीन कसणारा तिच्यावर कूळ म्हणून हक्क सांगेल. 1948 च्या कूळ कायद्याने इथल्या कित्येक घरांची जमीन गेली आणि कित्येकांना मिळाली, त्यामुळे ती धास्ती निराधार म्हणता येत नाही. पण त्याच कायद्याच्या कलम 4 मध्ये मालकाच्या कुटुंबातील व्यक्तीला मानीव कूळ धरलेले नाही. तरीही तुमच्या बाबतीत भाडेपट्टा न करता देखरेखीचा साधा लेख करावा, असे मी सुचवेन. मालकी बाबांची आहे हे पहिल्याच ओळीत लिहा. नंतर देखरेख कोण करणार, किती हंगामांसाठी, खर्च कोण उचलणार, विक्रीतून आधी काय वजा होणार, उरलेल्याची वाटणी कशी, आणि कोणाला यातून बाहेर पडायचे असल्यास किती आधी कळवायचे, हे लिहा. शेवटच्या मुद्द्याकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाग सोडायची असेल तर मेअखेरपर्यंत कळवावे, असे लिहिलेले असले की जुलैमध्ये कोणाचीही अडचण होत नाही.

व्यापाऱ्याचा पाच वर्षांचा करार मात्र तोंडी किंवा साध्या कागदावर करू नका. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, आणि करार फक्त फळांचा आहे की जमिनीच्या वापराचाही, हे त्यात नि:संदिग्ध असले पाहिजे. आंब्याच्या फळपीक विम्याचा अर्ज नोव्हेंबरअखेरपर्यंत करायचा असतो. तो बाबांच्याच नावाने होईल. बाग भाड्याने दिली आणि भाडेकरूला विमा घ्यायचा असेल तर त्याच्याकडे नोंदणीकृत करार लागतो.

मुचकुंदीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या दिवसांत काही गोष्टी घडल्या, त्या सांगते.

मिरकरवाडा ताईंचा प्रश्न वाचून मी त्याच रात्री यजमानांशी बोलले. मला बाग हवी आहे. हे मी इतक्या स्पष्टपणे याआधी कोणालाही सांगितले नव्हते, कारण माहेरची बाग मागणारी बहीण असे कोणी म्हणेल याचा मला संकोच होता. यजमानांनी विचारले, "किती वर्षे?" मी पाच हंगाम म्हटले, कारण छाटलेली झाडे पुन्हा भरात यायला तेवढे हवेत आणि त्याहून पुढचे आज बोलणे खरे होणार नाही. त्यांनी आणि सासूबाईंनी होकार दिला. मात्र मुलीच्या शाळेच्या दिवसांत मी आठवड्यातून निदान चार रात्री लांज्याला असावे, अशी अट घातली. ती मला मान्य आहे आणि शक्यही आहे. दुसऱ्याच दिवशी त्या उद्योगाला नोकरी घेत नसल्याचे कळवले.

त्यानंतर दादाला फोन केला. आधी माझे सांगितले, मग वाशिष्ठी ताईंनी लिहिल्याप्रमाणे हक्काला हात लागणार नाही हे सांगितले, आणि शेवटी कल्टारच्या आठवड्याविषयी विचारले. तो म्हणाला, "बघतो." मी म्हटले, "दादा, बघ, पण वीस जूनपर्यंत मला सांग. त्या दिवसापर्यंत उत्तर आले नाही तर यंदा तू येत नाहीस असे धरून मी झाडांवर चुना लावून छाटायची झाडे ठरवीन. तू त्याआधी येतो म्हणालास तर आपण दोघे मिळून ठरवू." तो रागावला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले की बाबांना हे कोण सांगणार. मी सांगितले की त्याचे उत्तर त्यानेच सांगावे, मी मध्ये निरोप्याचे काम करणार नाही, पण तो सांगेल तेव्हा मी तिथे असेन. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दोन दिवसांसाठी येतो म्हणाला आहे, तिकीट काढल्याचा संदेशही आला. गुरख्यांच्या म्होरक्याला होकार आणि उचल दिली. ते माझ्या जबाबदारीवर केले असून बाबांना तसे सांगितले आहे.

एक शंका राहते. तो आला आणि बाबांचा चेहरा पाहून पुन्हा "येतो" म्हणाला, तर काय करावे?

गडनदी

ताई, तुमचा दुसरा मजकूर दोनदा वाचला. उत्तर मागू नये असे मी लिहिले होते. शास्त्रीपूल यांचे लिहिणे आणि तुम्ही प्रत्यक्ष केलेले पाहून माझे मत बदलले आहे. आशा मोडेल या भीतीपोटी आपण वडिलांना लहान मुलासारखे सांभाळतो, आणि ज्या माणसाने आयुष्यभर मोहोर गळताना पाहिला, अवकाळी पावसात फळ गेलेले पाहिले, त्याला एक "नाही" सोसणार नाही असे धरून चालतो, हे मला पटेनासे झाले आहे.

तुमच्या शंकेबद्दल सांगायचे, तर तो "येतो" म्हणाला की तिथेच, बाबांसमोरच, प्रेमाने दिवस विचारावा. दिवस सांगितला तर तो वहीत लिहून घ्यावा. सांगता आला नाही तर बाबा समजतील. नोंदी ठेवणाऱ्या माणसाला रिकामी तारीख काय सांगते ते वेगळे समजवावे लागत नाही.

शास्त्रीपूल

वीस जून ही तारीख तुम्ही दिलीत हे फार चांगले केलेत. ती पुढे ढकलू नका. मला माझ्या बहिणीने तारीख वाढवून दिली असती तर मी ती आनंदाने घेतली असती.

मिरकरवाडा

आणखी एक सुचवते. दादा "येत नाही" म्हणाला तर त्याला तेवढ्यावर सोडू नका. त्याला खरोखर पेलेल अशी एखादी जबाबदारी मागा. ठाण्यात त्याची सोसायटी आहे, कार्यालय आहे, ओळखी आहेत. हंगामात थेट गिऱ्हाईकाला द्यायच्या पेट्यांची नोंद घेणे, गाडी उतरवून घेणे आणि घरोघर पोहोचवणे हे काम गावातून तुम्हाला जमणार नाही, त्याला तिथे राहून जमेल. 2018 पासून कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन आहे. शेतकऱ्याने नोंदणी केलेली असेल तर पेटीवर ती खूण लावता येते, आणि शहरातले गिऱ्हाईक अलीकडे त्याबद्दल विचारते. ती नोंदणी बाबांच्या नावाने करून घेण्याचे कामही तो पाहू शकेल.

पहिल्या वर्षी थोड्याच पेट्या द्या, मार्चच्या शेवटी जी पहिली तोड येईल तिच्यातल्या. किती घेणार हा आकडा त्याने स्वतः फेब्रुवारीत सांगावा, मोहोर टिकून फळ किती धरले आहे ते कळल्यावर. पैसे पेट्या पोहोचल्याच्या दिवशी बाबांच्या खात्यात जमा व्हावेत, आणि हेही वाशिष्ठी ताईंनी सांगितलेल्या लेखात त्याच्या नावापुढे लिहून घ्या.